जुना संगणक उशिरां कां जागा होतो?

घरांतील एखादें जुनें यंत्र कुरकुर करूं लागलें म्हणजे आपण कारागिरास बोलावितों, आणि तो तें उघडून, पुसून, नव्यानें जुळवून देतो. घड्याळाच्या बाबतींत हा उपाय बहुधा लागू पडतो. संगणकाविषयींहि आपली समजूत तशीच झाली आहे. संगणक मंद झाला कीं त्यावरील सर्व कांहीं पुसावें आणि त्याची कार्यप्रणाली, म्हणजे जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतों ती, पुन्हां बसवावी, हा सल्ला गांवोगांवीं मिळतो. पुष्कळदां त्यानें गुणहि येतो. पण जेव्हां येत नाहीं, तेव्हां घरांतील माणसें गोंधळून जातात. सारें नवें केलें, मग मंदपणा राहिला कोठें? या प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

सन २०२४ च्या उन्हाळ्यांत मी तुमसरला माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलों होतों. तुमसर हें भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या बाजाराचें गांव. तालुक्यांत डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथें मँगनीजच्या खाणी आहेत. भाऊजींची धानाची आडत आहे. त्यांच्या घरीं २०१२ सालीं घेतलेला एक संगणक होता. बारा वर्षांचे आडतीचे हिशेब, भाचीचीं प्रमाणपत्रें आणि भाऊजींच्या दिवंगत आईचीं छायाचित्रें, हें सारें त्यांत सांठविलेलें. मूळची विंडोज ७ काढून त्यावर नुकतीच विंडोज १० बसविली होती. तरीहि कळ दाबल्यापासून काम करण्याजोगा होईपर्यंत त्यास नऊ मिनिटें लागत. कारागीर म्हणत होता, "पुन्हां एकदां सर्व पुसून बसवूं, या खेपेस हिशेबांचा विभागहि पुसूं." भाऊजी म्हणत होते, "त्यापेक्षां भंगारांत घालूं." आणि भाचीच्या प्रवेशअर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती.

मीं प्रथम एक घड्याळ मागितलें. वैद्य औषध देण्यापूर्वीं नाडी पाहतो. संगणकाची नाडी घड्याळानें पाहतां येते. सुरू होण्याच्या वेळेचे तीन भाग पाडावे. कळ दाबल्यापासून विंडोजचें चिन्ह दिसेपर्यंत पहिला. चिन्हापासून परवलीचा शब्द विचारला जाईपर्यंत दुसरा. आणि त्यानंतर बोटानें सांगितलेलें काम यंत्र तत्काळ करूं लागेपर्यंत तिसरा. या तीन भागांचे दोषी निरनिराळे असतात. त्यांची गल्लत केली म्हणजे निरपराध्यास शिक्षा होते.

भाऊजींच्या संगणकाचा पहिला भाग एक मिनिट दहा सेकंदांचा भरला. या वेळीं कार्यप्रणाली अद्याप जागीच झालेली नसते. यंत्राच्या मुख्य फळीवरील बायॉस नांवाचा छोटा कार्यक्रम आपलीं अंगें तपासून पाहत असतो. म्हणून येथील विलंब प्रणाली दहा वेळां बसविली तरी जावयाचा नाहीं. आम्हांस दोन कारणें सांपडलीं. फळीवर नाण्याएवढा एक सेल असतो; त्यास सीआर २०३२ म्हणतात. वीज नसतांना यंत्राचें घड्याळ आणि बायॉसच्या नोंदी तो जतन करतो. हा सेल संपला होता. त्यामुळें प्रत्येक वेळीं तारीख अनेक वर्षें मागें जाई, आणि एफ-वन ही कळ दाबण्याची सूचना देऊन यंत्र थांबून राही. तारीख चुकली म्हणजे सुरक्षित संकेतस्थळांचे दाखले खोटे वाटूं लागतात आणि प्रणालीच्या सुधारणाहि नीट उतरत नाहींत, हा त्याचा आणखी एक उपद्रव. सेल बदलतांच तो थांबला.

दुसरें कारण तर हास्यास्पद होतें. नवी विंडोज बसवितांना जुनीची नोंद तशीच राहिली होती. म्हणून रोज "दोहोंपैकीं कोणती?" असा प्रश्न पडद्यावर येई, आणि कोणी उत्तर न दिल्यास यंत्र तीस सेकंद वाट पाही. घरच्यांस तो यंत्राचा आळस वाटत होता. 'एमएस-कॉन्फिग' या सोयींतील 'बूट' या पानावरून जुनी नोंद काढून टाकली. मात्र जी प्रणाली चालू आहे तिच्या नोंदीस हात लावूं नये.

आतां तिसरा भाग आधीं घेतों, कारण तो घरच्या घरीं सुधारतां येतो. तो येथें साडेपांच मिनिटांचा होता. प्रणाली नवी बसविल्यावर पहिले एक-दोन दिवस तिला पुष्कळ घरकाम असतें. राहिलेल्या सुधारणा उतरविणें, सर्व कागदांची सूची करणें, विषाणूंचा शोध घेणें, हीं कामें ती पाठीमागें करीत असते. तेवढे दिवस यंत्र चालू ठेवून वाट पाहणें हाच उपाय. परंतु आठवडा लोटल्यावरहि मंदपणा टिकला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यांतील 'स्टार्टअप' या पानावर, यंत्र सुरू होतांच आपोआप उठणाऱ्या कार्यक्रमांची यादी असते. भाऊजींच्या यादींत नऊ नांवें होतीं. पैकीं सात अनावश्यक होतीं आणि त्यांत दोन तर एकाच कामाचे, विषाणू शोधणारे पहारेकरी होते. दोन पहारेकरी एकमेकांची झडती घेत बसले कीं घरधन्यास दार उघडून कोण देणार? आम्हीं एक ठेवला. शिवाय धानाच्या गांवीं तुसाची आणि कोंड्याची बारीक धूळ हवेंत असते. पंखा तिनें भरला होता, आणि फार तापलें म्हणजे यंत्राचा मेंदू स्वतःचा वेग कमी करतो. पंखा साफ केला. साडेपांचाचीं चार मिनिटें झालीं.

तरी उरलेला विलंब जाईना, आणि दुसऱ्या भागाचीं अडीच मिनिटें तर जशीच्या तशीं राहिलीं. त्या दोहोंचें मूळ एकच होतें, तें म्हणजे हार्ड डिस्क. तिची रचना समजली पाहिजे. तिच्यांत एक चकती फिरत असते आणि एक सुई-सारखा वाचक तिच्यावरून आंतबाहेर सरकतो. नेहमींच्या चकतीचे मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० होतात. हवा असलेला मजकूर वाचकाखालीं यावयास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारें चार सहस्रांश सेकंद लागतो. वाचकास जागेवर सरकण्यास आणखी आठ-नऊ. तेव्हां विखुरलेले असे तुकडे सेकंदाला सत्तर-ऐंशींच्या वर वाचले जात नाहींत. सुरू होतांना दहा हजार तुकडे लागले, तर दोन मिनिटांहून अधिक वेळ केवळ धांवपळींत जातो. गोदामांत एकच हमाल आहे आणि त्यास प्रत्येक पोतें निराळ्या थप्पींतून आणावयाचें आहे, अशी ही गत आहे. हमाल कितीहि तगडा असला तरी वेळ चालण्यांतच जाणार.

या विद्येचा इतिहास पाहिला तर मौज वाटते. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें रॅमॅक या यंत्राबरोबर पहिली चकती-पेटी बाजारांत आणली. तींत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि साऱ्या मिळून पन्नास लक्ष अक्षरें मावत. त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. आज त्याच्या लक्षावधि पट मजकूर तळहाताएवढ्या पेटींत मावतो, परंतु घरगुती चकतीचे फेरे मात्र सहा पटच झाले. गोदाम वाढत गेलें. हमालाची चाल तीच राहिली. नवी प्रणाली जुनीहून अधिक पोतीं मागते, म्हणून जुन्या यंत्रावर ती बसविली कीं तें अधिकच धांपा टाकतें. त्यांतून या संगणकाची मेमरी अवघी दोन जीबी. विंडोज १० च्या ६४-बिट आवृत्तीस ही किमान मर्यादा आहे. मेमरी अपुरी पडली म्हणजे प्रणाली तिचें ओझें चकतीवरच टाकते, आणि दमलेल्या हमालास आणखी एक खेप पडते.

पण भाऊजींच्या चकतीस याहून गंभीर दुखणें होतें. 'क्रिस्टल-डिस्क-इन्फो' नांवाचा एक विनामूल्य कार्यक्रम चकतीनें स्वतःविषयीं ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवितो. निळा रंग क्षेमाचा, पिवळा सावधगिरीचा, तांबडा धोक्याचा. येथें पिवळा दिसला. चकतीवरील कांहीं जागा वाचतां येईनाशा झाल्या होत्या. अशी जागा आली कीं यंत्र ती पुनःपुन्हां वाचून पाहतें, आणि आपण पडद्याकडे पाहत बसतों. प्रणाली पुन्हां बसविल्यानें ही जखम भरत नाहीं. उलट सर्व पुसण्याच्या खटाटोपांत उरलेंसुरलें गमावण्याचा संभव असतो.

म्हणून त्या रात्रीं आम्हीं दुसरें कांहीं केलें नाहीं. एक बाहेरची चकती आणून हिशेबांचा विभाग उतरवून घेतला. सकाळ झाली तरी काम चालू होतें. हिशेब आणि प्रमाणपत्रें सारीं मिळालीं. छायाचित्रांपैकीं अकरा वाचतां आलीं नाहींत. बहीण त्यांचीं नांवें वाचीत राहिली. ती कांहीं बोलली नाहीं. हीच पेटी सहा महिने आधीं तपासली असती, तर तीं अकराहि कदाचित् मिळालीं असतीं.

दुसऱ्या दिवशीं जुन्या चकतीच्या जागीं एसएसडी बसविली. तिच्यांत कांहींच फिरत नाहीं. एक तुकडा वाचावयास सुमारें एक दशसहस्रांश सेकंद लागतो. मेमरी चार जीबी केली. मग प्रणाली पुन्हां बसविली, आणि संगणक पाऊण मिनिटांत कामास तयार झाला. भाचीचा अर्ज मुदतींत गेला.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. विंडोज ७ चें पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० चें नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि २०१२ च्या यंत्रांत ती नाहीं. अशा यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी प्रणाली घालणें हा बिनखर्चाचा मार्ग आहे. भाऊजींचा संगणकहि पुढें त्याच मार्गानें गेला.

तेव्हां क्रम असा ध्यानांत ठेवावा. आधीं जें पुन्हां मिळणार नाहीं तें दुसरीकडे उतरवून ठेवावें. मग घड्याळ घेऊन वेळेचे तीन भाग मोजावे. नंतर चकतीची प्रकृति पाहावी. आणि पुसून नवें बसविण्याचा विचार अगदीं शेवटीं करावा.