डायलिसिसच्या माणसाला गोधडी शिवताना

मागच्या भागात आपण गोधडीसाठी जुनं कापड कसं निवडायचं ते पाहिलं. त्यावर एक प्रश्न सारखा आला: घरात कुणाचं डायलिसिस किंवा केमो चालू असेल तर त्यांच्यासाठी गोधडी शिवावी का, आणि कशी? आज तेवढंच बोलू.

शिवावी, नक्की शिवावी. फक्त घरच्या अंथरुणातली गोधडी वेगळी आणि ही वेगळी.

आधी थंडी का वाजते ते बघा. डायलिसिसमध्ये रक्त नळीतून बाहेर येतं, यंत्रात साफ होतं आणि परत अंगात जातं. एका वेळेला साधारण 4 तास. या फेरीत रक्त थोडं गार होतं. वर एसी, आणि माणसाला हलायची सोय नाही. आमच्या माले गावातनं निघायचं तर पौड, पिरंगुट, भूगाव करत चांदणी चौक गाठायचा. मुळशीचा पावसाळा तुम्हाला माहितीय, माणूस पोचतो तोच निम्मा ओला. आमच्या आत्या आठवड्यातनं दोनदा ही वारी करतात. घरची सात-आठ पदरी गोधडी एसटीतनं न्यायची म्हणजे मांडीवर दुसरं काही ठेवायलाच नको. म्हणून त्यांच्यासाठी मी लहान शिवली.

हिशोब सोपा आहे. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच. तिचे 54 इंचाचे चार तुकडे केले की चार पदर झाले. पन्हा 45 इंचाच्या आसपास असतो. छातीपासून पावलांपर्यंत एका माणसाला पुरते, आणि घडी घातली की पिशवीत बसते. साडी सुतीच घ्या. जर, टिकल्या, नायलॉनचा काठ असेल तर काढून टाका. या लोकांची कातडी कोरडी पडते, खाज सुटते, खरखरीत काही नको. आणि कापूस भरू नका. धुतल्यावर त्याचे गोळे होतात, आणि आमच्याकडे जुलैत तो वाळतच नाही.

साडी आधी गरम पाण्यातनं काढा, म्हणजे जेवढी आटायची तेवढी आटेल. मग पदर एकावर एक पसरून कच्चे टाके घाला. मग काठापासून धावदोरा सुरू करून फेऱ्या मारत आत यायचं, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. टाका फार आवळायचा नाही. ऊब कापडापेक्षा पदरांत अडकलेल्या हवेची असते, टाका आवळला की ती हवाच जाते. फार विरळ घातला तर मात्र धुताना पदर सरकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डायलिसिसच्या ज्या हाताला फिस्टुला असतो, म्हणजे जिथे सुया टोचतात, तो हात गोधडीखाली कधीच जाता कामा नये. यंत्र मिनिटाला साधारण 300 मिली रक्त ओढतं. सुई निसटली आणि वर पांघरूण असलं तर रक्त जातंय हे पेशंटला कळत नाही, सिस्टरला दिसत नाही. मायेने "हात गार पडलाय" म्हणून आपणच झाकतो, तिथेच घात होतो. थंडी वाजत असेल तर दुसऱ्या खांद्यावर शाल टाका. म्हणूनच मी वरचा पदर फिका निवडते. गर्द जांभळ्या इरकलीवर डाग पटकन दिसत नाही.

दुसरी गोष्ट थंडीचीच. नुसतं गार वाटणं वेगळं आणि हुडहुडी भरून ताप येणं वेगळं. डायलिसिसवर असताना अशी हुडहुडी आली तर रक्तात जंतू गेल्याची खूण असू शकते. केमोवाल्याला 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखान्याला कळवायचं. तेव्हा वर आणखी एक गोधडी टाकून सकाळची वाट बघायची नाही.

केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात. डोस दिल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात कमी असतात. म्हणून पेटीत वर्षभर पडलेली, कुबट वास येणारी आजीची गोधडी आठवण म्हणून कितीही मोलाची असली तरी ती यांच्या अंगावर नको. तिचा एखादा धड तुकडा उकळत्या पाण्यातनं काढून मधल्या पदरात घाला, आठवण राहते. औषधाचा अंश पहिले दोन दिवस उलटी, लघवी, घाम यांतनं बाहेर पडत असतो. त्या दिवसांत गोधडी खराब झाली तर हातमोजे घालून, इतर कपड्यांपासून वेगळी धुवायची. दोन गोधड्या शिवल्या तर एक वाळेपर्यंत दुसरी चालते.

जाता जाता एक. गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराजही म्हणायचे, अंगावरच्या त्या चिंध्यांच्या गोधडीमुळे. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटांना आसरा देते. गावाकडचं पांघरूण घेऊन मुंबईला जाणारे खूप असतात. नेताना वॉर्डात आधी विचारा, काही ठिकाणी बाहेरचं पांघरूण चालत नाही. तसं असेल तर ती मुक्कामाला वापरा.

आणि कोपऱ्यात नाव टाक्याने घाला, पेनाने नको. दोन धुण्यांत पुसतं.

पुढच्या भागात मशीनवर गोधडी मारून घ्यावी का, ते बघू.