झाडं पुन्हा उगवतात, पण जळालेल्या जमिनीचं काय?

२०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडातली जंगलं महिनोन्‌महिने जळत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथला धूर शेकडो किलोमीटर दक्षिणेला न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला आणि भरदिवसा आकाश नारिंगी झालं. ज्यांचे नातेवाईक अमेरिका-कॅनडाकडे आहेत, त्यांनी ते फोटो मोबाईलवर पाहिलेही असतील. ऑगस्टमध्ये यलोनाइफ हे सुमारे २० हजार वस्तीचं शहर जवळजवळ पूर्ण रिकामं करावं लागलं. हंगाम संपला तेव्हा सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळालं होतं. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास निम्म्या आकाराचं.

बातम्यांत आपल्याला पेटलेली झाडं दिसली, जळालेली घरं दिसली, धूर दिसला. पण त्या जंगलात जे सर्वात जास्त जळतं ते कॅमेऱ्यात फारसं येत नाही. ते झाडांच्या खाली असतं. ही गोष्ट नीट समजून घेऊ, कारण तिचा हिशोब शेवटी आपल्यापर्यंतही येतो.

तिथलं जंगल जमिनीत साठतं

अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि रशियाचा सायबेरिया असा उत्तर गोलार्धाच्या डोक्यावर जंगलाचा एक पट्टा आहे. त्याला बोरियल जंगल किंवा तैगा म्हणतात. जगातल्या एकूण जंगलांपैकी पाव हिश्श्याहून जास्त जंगल या पट्ट्यात आहे. स्प्रूस, पाइन, लार्च अशी सुईसारख्या पानांची झाडं आणि त्यांच्या खाली मॉसचा, म्हणजे शेवाळासारख्या मऊ वनस्पतीचा जाड गालिचा, असं त्याचं रूप असतं.

आपल्याकडे कोकणात झाडाखाली पडलेला पालापाचोळा एक-दोन पावसाळ्यांत कुजून जातो. ऊब आणि ओल असली की बुरशी आणि जिवाणू आपलं काम झटपट उरकतात. उत्तरेकडे वर्षातले बरेच महिने सगळं गोठलेलं असतं आणि उन्हाळा छोटा असतो. फ्रीजमध्ये ठेवलेलं अन्न लवकर खराब होत नाही, तसाच तिथला पाचोळा पूर्ण कुजत नाही. मॉस, सुया, मुळं, फांद्या यांचे थर एकावर एक साचत जातात. काही ठिकाणी हा थर वीतभर असतो, काही ठिकाणी हातभर, आणि दलदलीच्या भागात, जिथे त्याला पीट म्हणतात, तिथे तर कित्येक फूट.

झाड वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातल्या कार्बनपासून लाकूड, पानं, मुळं बनवतं. ते कुजलं किंवा जळलं की कार्बन परत हवेत जातो. कुजलंच नाही, तर तो जमिनीतच राहतो. म्हणूनच बोरियल जंगलातला बहुतेक कार्बन खोडांत आणि फांद्यांत नसून जमिनीत आहे. त्याच्या खाली अनेक ठिकाणी कायम गोठलेली जमीन आहे, जिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उत्तरेकडच्या अशा गोठलेल्या प्रदेशांतल्या मातीत मिळून १,४६० ते १,६०० अब्ज टन कार्बन असल्याचा अंदाज आहे. पृथ्वीच्या सगळ्या हवेत आज जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट!

आग खाली कशी उतरते?

आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरांवर वणवा लागतो. वाळलेलं गवत भराभर पेटतं, आग पुढे सरकते आणि पावसाळ्यात तोच डोंगर पुन्हा हिरवा होतो. तिकडचा वणवा वेगळा असतो. ज्वाळा झाडांवरून पुढे निघून जातात, पण खालचा पाचोळा आणि पीट धुमसत राहतात. ज्वाळा फारशी दिसत नाही. चुलीतल्या राखेखाली निखारा रात्रभर जिवंत राहावा, तसंच ते असतं. ही धुमसणारी आग दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे खाली उतरत जाते.

ती किती खोल जाईल, हे मुख्यतः ओलाव्यावर ठरतं. खालचा थर ओला असेल तर आग वरच विझते. उन्हाळा गरम आणि कोरडा गेला, बर्फ लवकर वितळलं, पाणथळ जागा आटल्या, की आगीला खाली उतरायला वाट मिळते. उत्तरेकडचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने तापतो आहे, त्यामुळे अशी वर्षं वाढत आहेत.

काही आगी तर हिवाळ्यातही विझत नाहीत. वरून बर्फ पडतं, खाली पीट धुमसत राहतं, आणि वसंतात बर्फ वितळल्यावर त्याच जागी पुन्हा ज्वाळा उठतात. लोक त्यांना झोंबी आगी म्हणतात. अलास्का आणि कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज भागातल्या २००२ ते २०१८ या काळातल्या आगींचा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. एकूण जळालेल्या क्षेत्रात अशा आगींचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. मात्र एका वर्षी तो ३८ टक्क्यांपर्यंत गेला.

वडिलोपार्जित पुंजी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वणवा या जंगलांना नवा नाही. हजारो वर्षांपासून तिथे साधारण शंभरेक वर्षांनी एखाद्या जागेवर आग येतेच. काळ्या स्प्रूसची आणि जॅक पाइनची शंकूसारखी फळं डिंकासारख्या चिकाने बंद असतात. आगीच्या उष्णतेने ती उघडतात आणि बी खाली पडतं. म्हणजे झाडांनीही आगीशी जुळवून घेतलेलं आहे.

जमिनीचाही हिशोब असाच बसलेला होता. एका आगीपासून पुढच्या आगीपर्यंत नवा थर साचायचा. पुढची आग त्यातला थोडा भाग खायची, बाकीचा राहायचा. प्रत्येक फेरीत थोडी शिल्लक पडत गेली आणि शेकडो, हजारो वर्षांत पुंजी जमली. मागच्या आगींतून वाचलेल्या या जुन्या कार्बनला शास्त्रज्ञांनी जे नाव दिलं आहे, त्याला आपण मराठीत ‘वडिलोपार्जित कार्बन’ म्हणू शकतो. घरातली कमाई खर्च केली तर पुन्हा कमावता येते. पण वाडवडिलांनी ठेवलेली जमीन विकायला काढली, की समजायचं गाडी घसरली.

ती विकायला निघाली आहे का? २०१४ मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये सुमारे २८ लाख हेक्टर क्षेत्र जळालं होतं. झँथी वॉकर, मिशेल मॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोनशेहून अधिक जागांवर जाऊन मातीचे नमुने घेतले. मातीतल्या कार्बनचं वय रेडिओकार्बन पद्धतीने काढता येतं. ते वय आणि जळालेल्या झाडांचं वय यांची त्यांनी तुलना केली. जळालेली माती झाडांपेक्षा जुनी निघाली, तर आगीने मागच्या पिढ्यांचा ठेवा खाल्ला, हे उघड होतं.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: जुन्या जंगलांत हा ठेवा बहुतेक ठिकाणी वाचला, कारण वर जाड थर साचलेला होता. पण ज्या जागी मागची आग साठ वर्षांच्या आतली होती, तिथे जवळपास निम्म्या जागांवर वडिलोपार्जित कार्बन जळाला होता. दोन आगींमधलं अंतर कमी झालं, की वरचा थर साचायला वेळच मिळत नाही आणि आग थेट मुद्दलाला हात घालते. शेकडो वर्षं कार्बन साठवणारी जमीन मग कार्बन सोडणारी बनते.

आग विझल्यावरही

नुकसान तिथेच थांबत नाही. मॉस आणि पाचोळ्याचा थर गोठलेल्या जमिनीवर गोधडीसारखा असतो, उन्हाळ्याची उष्णता खाली जाऊ देत नाही. तो जळाला की जमीन काळी आणि उघडी पडते, जास्त ऊन शोषते, झाडांची सावलीही गेलेली असते. मग खालचा पर्माफ्रॉस्ट वितळू लागतो. जे जिवाणू इतकी वर्षं थंडीने गप्प होते, ते जागे होऊन जुना पाचोळा कुजवू लागतात. कोरड्या जागी कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पाणी साचलेल्या जागी मिथेनही. हे काम अनेक वर्षं चालू राहू शकतं.

एक दुसरी बाजूही सांगायला हवी. जळालेलं सगळंच हवेत जात नाही. काही भागाचा कोळसा होतो आणि तो मातीत शेकडो वर्षं टिकू शकतो. शिवाय अलास्कात २००४ च्या मोठ्या आगींनंतर काळ्या स्प्रूसच्या जागी अनेक ठिकाणी ॲस्पेन आणि बर्च ही रुंद पानांची झाडं आली. ती लवकर वाढतात, लाकडात भरपूर कार्बन साठवतात आणि सहज पेट घेत नाहीत. २०२१ मधल्या एका अभ्यासानुसार, ही झाडं टिकली तर अशा जागांचा तोटा दीर्घकाळात भरून निघू शकतो. पण हे सगळीकडे घडत नाही. आणि ती झाडं मोठी होण्याआधीच पुन्हा आग आली, तर तोही हिशोब बिघडतो.

हा खर्च कोणाच्या वहीत?

२०२३ च्या कॅनडातल्या वणव्यांतून पाच महिन्यांत सुमारे ६४ कोटी ७० लाख टन कार्बन हवेत गेला. कोळसा, तेल आणि गॅस जाळून वर्षभरात यापेक्षा जास्त कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत. तरी कॅनडा संयुक्त राष्ट्रांना देतो त्या अहवालाच्या मुख्य आकड्यात नैसर्गिक वणव्यांचा धूर धरला जात नाही. नियमांत ते बसतं. त्यामागचा विचार असा, की आज सुटलेला कार्बन उद्या नवी झाडं परत घेतील. झाडांच्या बाबतीत हा विचार बराचसा बरोबर आहे. हजार वर्षांच्या मातीच्या बाबतीत तो टिकत नाही.

उपाय सोपे नाहीत. इतक्या दूरच्या, रस्ते नसलेल्या जंगलात प्रत्येक आग विझवणं शक्य नाही, आणि आग हा त्या जंगलाच्या जगण्याचा भागही आहे. तरी अलास्कातल्या युकॉन फ्लॅट्स अभयारण्यात २०२३ पासून सुमारे १६ लाख एकरांवर नवी पद्धत ठरली. आधी तिथल्या आगींवर फक्त नजर ठेवली जायची, आता गोठलेल्या जमिनीतला कार्बन वाचवण्यासाठी त्या लवकर विझवायच्या.

आपल्याला याचं काय, असं कुणी विचारेल. कॅनडात सुटलेला वायू वर्षभरात सगळ्या जगाच्या हवेत मिसळतो. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी आणि लातूर-बीडचा कडक उन्हाळा त्याच हवेशी बांधलेला आहे. जंगलं आणि माती आपला निम्म्याच्या आसपास धूर गुपचूप पचवतात असं गृहीत धरता येणार नाही. जमीन आणि समुद्र मिळून तेवढा भार उचलतात, आणि त्यातला जमिनीचा खांदा कमजोर झाला, तर कोळसा आणि तेल आपल्याला ठरवलं त्याहून लवकर कमी करावं लागेल.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या वणव्याची बातमी आली, तर किती हेक्टर जळालं एवढ्यावर थांबू नका. ती जागा याआधी कधी जळाली होती आणि आग किती खोल गेली, हेही विचारा. जळाली ती चालू पिढीची कमाई की वाडवडिलांची पुंजी, हे त्या उत्तरावर ठरतं.