वाळा: त्याचाही, तिचाही

रायपूरच्या पंडरीत भर उन्हाळ्यात कापडबाजार पालथा घालून आलात, की कूलरच्या ओल्या खसचा वास म्हणजे काय सुख, ते कळतं. हिंदीतला खस म्हणजे आपला माठातला वाळा. गवतच ते, पण पात्यांना सुगंध जवळपास नाही, सगळी मिजास मुळांत. लागवडीनंतर साधारण दीड वर्षाने मुळं खणतात आणि वाफेवर तेल काढतात. कनौजला हे काम तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या भांड्यात चालतं, म्हणून तिथल्या तेलाला, रूह खसला, हिरवट झाक येते. हैतीच्या वाळ्याचा वास स्वच्छ, जावाच्या धुरकट.

१९५९ मध्ये फ्रान्सच्या गेर्लां या अत्तरांच्या कंपनीने ‘व्हेटिव्हर’, म्हणजे वाळा, याच नावाचं परफ्यूम काढलं, ते पुरुषांसाठी. ‘सीके वन’ हे दोघांसाठीचं परफ्यूम १९९४ मध्ये आलं आणि ‘युनिसेक्स’ परफ्यूम लोकप्रिय झाली. आपल्या अत्तरवाल्यांना या वाटणीची गरज कधी भासलीच नव्हती!

मग वाळा शोभतो कुणाला? स्वभावावरून अत्तर ठरवणं हा निम्मा विक्रीचा भाग. तरीही माती, ओलं लाकूड, किंचित कडवट पाला असा हा वास कमी बोलणाऱ्या, घाई नसलेल्या माणसाला खुलतो. मोगऱ्यासारखा तो आधी पुढे धावत नाही. तेल जड, सावकाश उडणारं, त्यामुळे संध्याकाळीही मनगटावर असतं.

घेताना कागदाच्या पट्टीवर भुलू नका. थेंब मनगटावर लावा, तासाभराने पुन्हा हुंगा, मगच पैसे द्या. आणि पांढऱ्या सुती कुडत्यावर लावू नका, डाग पडतो.