रोर्क की कीटिंग?

आमच्या हॉस्टेलमध्ये 'द फाउंटनहेड'ची एक कॉपी फिरत असते. कव्हर कधीच गेलंय, सातशेच्या वर पानं सेलोटेपवर तग धरून आहेत. जो वाचतो तो पुढचा महिनाभर स्वतःला हॉवर्ड रोर्क समजतो आणि मेसमध्ये कोणाशी धड बोलत नाही! मीही त्यातलाच. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

मागच्या पीएलमध्ये अभ्यास सोडून आम्ही सहा जणांनी याच कादंबरीवरचा सिनेमा लॅपटॉपवर पाहिला. आयन रँडची कादंबरी १९४३ ची, किंग व्हिडोरचा सिनेमा १९४९ चा, ब्लॅक अँड व्हाइट. पटकथाही रँडनेच लिहिली आहे.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोर्क हा आर्किटेक्ट. लोकांना आवडावं म्हणून तो डिझाइनमधली एक रेघही बदलत नाही. पीटर कीटिंग त्याच्या उलट, सगळ्यांना खूश ठेवणारा. कॉर्टलँट नावाच्या वसाहतीचं डिझाइन रोर्क कीटिंगच्या नावावर करून देतो. अट एकच, जसं काढलंय तसंच बांधायचं. पुढे त्यात बदल होतात आणि रोर्क सुरुंग लावून ती वसाहत उडवतो. मग कोर्ट, आणि रोर्कचं ते प्रसिद्ध भाषण. माणसाने स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःसाठी जगावं, हे रँडचं तत्त्वज्ञान त्यात आहे.

आता एवढं सगळं १ तास ५४ मिनिटांत बसवायचं कसं? भाषण कापायला रँडचा सक्त विरोध होता, म्हणजे कात्री दुसरीकडे लागणार. कीटिंगची मैत्रीण कॅथरीन गायब. पेपरवाला वायनंड कादंबरीत जगतो, सिनेमात स्वतःला गोळी घालतो. कादंबरीत रोर्क सुरुवातीला २२ वर्षांचा आहे, म्हणजे जवळजवळ आपल्याच वयाचा. सिनेमातला गॅरी कूपर मात्र पंचेचाळिशी ओलांडलेला. तो चाचपडताना दिसतच नाही, पहिल्यापासून पुतळ्यासारखा ताठ!

भाषण संपलं तेव्हा आमच्या खोलीत शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून रूममेट म्हणाला, "शिट्ट्या कसल्या मारताय? मशीन ड्रॉइंगच्या सगळ्या शीट्स कोणाच्या मारल्यात?"

सगळे हसले. मी पण हसलो. पण काचेखाली ट्यूबलाइट लावून रात्रभर जीटी मारणारा रोर्क कुठे असतो का हो?

रात्री पुस्तक पुन्हा काढलं. त्याचे चार भाग आहेत. रोर्कच्या नावाचा भाग सगळ्यात शेवटी येतो. पहिल्या भागाचं नाव पीटर कीटिंग! मी तो भाग भरभर उलटला होता. कीटिंगला खरं तर चित्रकार व्हायचं असतं, आईच्या आग्रहाने तो आर्किटेक्ट होतो. सगळं हातातून गेल्यावर चोरून चित्रं काढतो, ती रोर्कला दाखवतो आणि तेव्हा कळतं की फार उशीर झालाय. सिनेमात यातलं काहीच नाही. तिथे कीटिंग नुसता एक कमकुवत माणूस आहे.

मला वाटतं, सिनेमाचा खरा तोटा इथे आहे. पडद्यावर हिरो एवढा मोठा होतो की आपण त्याच्याच बाजूने टाळ्या वाजवतो. रँडची सगळी मतं मला पटत नाहीत. दुसऱ्यांच्या घरांसाठी उभं केलेलं बांधकाम आपलं डिझाइन बदललं म्हणून उडवायचं, हे तर अजिबात नाही. पण कीटिंग तिने बरोब्बर ओळखलाय. दहावीपर्यंत माझी वही स्केचेसनी भरलेली असायची. बारावीला मार्क चांगले पडले, घरी पेढे वाटले आणि मी इथे आलो. नको असं मी कोणाला म्हटलंच नव्हतं, त्यामुळे घरच्यांना दोष देणार नाही.

या सेमच्या शीट्स मी स्वतः काढल्या. दोन रिपीट झाल्या. कॉपी माझ्याकडे आहे, हवी असेल तर घेऊन जा. फक्त पहिला भाग भरभर उलटू नका.