घरांतील बालसंगोपनाचें मोल

फारोच्या कन्येस नदींत सांपडलेलें बालक तिनें एका स्त्रीस वेतन ठरवून पाजावयास दिलें, अशी कथा पवित्र शास्त्रांत आहे. ती स्त्री त्या बालकाची, म्हणजे मोशेची, सख्खी आईच होती! तेंच काम बिनवेतनी केलें असतें, तर त्याचें मोल कमी झालें असतें काय?

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यांत अशी तरतूद होती कीं, कामावर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें असल्यास एका स्त्रीस त्यांच्या सांभाळासाठीं नेमावें व मजुरी द्यावी. घरीं मूल सांभाळणारी आई मात्र 'कांहीं करीत नाहीं' असें आपण म्हणतों.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत कापूसवेचणीच्या दिवसांत तान्ह्या मुलासाठीं आई घरीं राहिली, तर तिची मजुरी बुडते. ती बुडालेली मजुरी हें संगोपनाचें एक माप. तेंच काम परक्याकडून करविण्याचा खर्च हें दुसरें. गृहिणीच्या श्रमांस आर्थिक मूल्य आहे, हें सर्वोच्च न्यायालयानेंहि २०२१ सालीं एका अपघाताच्या निकालांत मान्य केलें.

मायेची किंमत पैशांत होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु श्रमांची जाणीव ठेवलीच पाहिजे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणींत घरच्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यांत दररोज सरासरी १३४ मिनिटें, तर पुरुष ७६ मिनिटें देतात असें आढळलें. यास्तव, विद्यार्थ्यांनो, 'आई काय करते?' असें कोणीं विचारल्यास 'आम्हांस वाढविते' असें सांगा. वडीलमंडळींस विनंती कीं, या भाराचा वांटा आपणहि उचलावा.