अभियोक्त्याची दिवाणी उन्मुक्ती
फौजदारी खटला चालविताना सरकारी अभियोक्त्याने केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता न येणे, यास अभियोक्त्याची दिवाणी उन्मुक्ती म्हणतात. अभियोक्त्यास दाव्याची धास्ती असेल, तर तो निर्भयपणे खटला चालवू शकणार नाही, हे तिचे मुख्य समर्थन होय.

अमेरिकेत ही उन्मुक्ती जवळजवळ संपूर्ण आहे. इंबलर या इसमास १९६१ मध्ये खुनाबद्दल देहान्ताची शिक्षा झाली होती. सुटकेनंतर त्याने अभियोक्त्यावर दावा केला. तथापि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तो अमान्य केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८९ मध्ये संपूर्ण उन्मुक्तीचे तत्त्व नाकारले.

भारतात अभियोक्त्यास अशी सर्वसाधारण उन्मुक्ती देणारी तरतूद नाही. न्यायाधिकारी संरक्षण अधिनियम, १८५० हा न्यायाधीश व त्यांचे आदेश बजावणारे यांच्यापुरता आहे. काही विशेष कायद्यांत, उदा., १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियमात, सद्‌भावनेने केलेल्या कृत्यांना संरक्षण आहे. असे असूनही अभियोक्त्याविरुद्ध यशस्वी दावा दुर्मिळच. याचे कारण कार्यपद्धतीत आहे. अमेरिकेत खटला भरावा की नाही, हे अभियोक्ता ठरवितो. येथे आरोपपत्र पोलीस दाखल करतात. हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात (१९९४) अभियोक्ता हा तपासयंत्रणेचा भाग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पुढील वर्षी शहाणे खटल्यात त्याने महाराष्ट्र शासनास अभियोग विभाग पोलिसांपासून अलग करण्याचा आदेश दिला.

बीड तालुक्यातील पाली गावच्या एखाद्या रहिवाशाची बीडच्या सत्र न्यायालयातून निर्दोष सुटका झाली, असे समजू. द्वेषमूलक अभियोगाबद्दल दावा करण्यास त्याला एक वर्षाची मुदत मिळते. शासकीय अधिकाऱ्याच्या पदीय कृत्याबद्दल दावा असेल, तर दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम ८० अन्वये साधारणतः दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. प्रतिवादीनेच खटला उभा केला, त्यास वाजवी व संभाव्य कारण नव्हते आणि त्यामागे द्वेषबुद्धी होती, हे वादीनेच सिद्ध करावयाचे असते. केवळ निर्दोष सुटकेने यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी सिद्ध होत नाहीत. पहिल्या अटीमुळे दावा बहुधा फिर्यादी वा पोलीस यांच्यावर जातो. तुरुंगात वर्षे घालविलेल्या व वकिलाच्या खर्चाने जमीन गहाण पडलेल्या माणसास हे ओझे पेलणे कठीणच.

शासनाविरुद्धचा दिवाणी दावा सार्वभौम कार्याच्या सबबीवर अडतो (कस्तुरीलाल खटला, १९६५). मूलभूत हक्कांच्या अर्जात ही सबब चालत नाही, असे नीलबती बेहरा खटल्यात (१९९३) ठरले. त्यापूर्वी १९८३ मध्ये, निर्दोष सुटूनही चौदा वर्षे डांबलेल्या बिहारमधील रुदुल शाह यास ३५,००० रु. देवविण्यात आले होते. मात्र हा मार्ग न्यायालयाच्या विवेकाधीन असून रकमेचे निश्चित प्रमाण नाही. विधी आयोगाने २७७ व्या अहवालात (२०१८) चुकीच्या अभियोगाबद्दल शासनाने भरपाई देण्याची व त्यासाठी विशेष न्यायालये स्थापण्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तिचा समावेश झालेला नाही. निराधार अटक करविणाऱ्याकडून देवविण्याच्या भरपाईची कमाल मर्यादाही १,००० रु. एवढीच राहिली आहे.