दहाला एक

नसरापूरहून वेल्ह्याची वाट धरली आणि मार्गासनी मागे पडली की विंझरचं शिवार लागतं. एप्रिलमध्ये इथली भातखाचरं भेगाळलेली असतात, बांधांवरचं गवत करपलेलं असतं, सगळं रान एकाच करड्या रंगाचं. त्यात मध्येच एखादा काळाकुट्ट चौकोन दिसतो, कडा सरळ, कोपरे नेटके. वणवा असा रेघ मारून थांबत नाही. एवढ्या रानातला एवढाच तुकडा कोणी आणि कशासाठी भाजला, हे विचारायला मी रस्त्यालगतच्या एका घरात शिरले. पुढे वर्षभर त्या घरी जाणं होत राहिलं.

घर चौघांचं. काकू, त्यांचे मालक, शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा आणि सून. गोठ्यात दोन म्हशी, एक पारडी आणि एकच बैल. परसात कोंबड्या. खाली ओढ्याच्या अंगाला भाताची खाचरं, वर डोंगराच्या उतारावर नाचणी आणि वरईचं वरकस. काकूंना म्हशीचं विचारावं तर त्या पेंढ्यावर येतात, पेंढ्याचं विचारावं तर राबावर. या घरात एकेका गोष्टीची वेगळी माहिती मिळत नाही.

तो काळा चौकोन म्हणजे राब. भाताची रोपं, म्हणजे तरवा, जिथे उगवायचा ती जागा. "दहाला एक," काकू म्हणाल्या. दहा गुंठे लावायचे तर एक गुंठा तरवा. त्या एका गुंठ्यावर हे घर उन्हाळाभर राबतं. हिवाळ्यापासून साठवलेलं वाळकं शेण पसरायचं, त्यावर ऐन-किंजळाचे वाळलेले टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर चाळलेल्यासारखी बारीक माती. मग पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट अंगाने. ही गोष्ट काकूंनी मला दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा हात धरून जागेवर नेऊन. वारा जिकडे जातो त्या टोकाला काडी लावली की आग वाऱ्याला तोंड देत इंचाइंचाने मागे सरकते. "भडाकली तर वरचंच जळतं, ताई. माती गारच ऱ्हाती. धुमसाया पायजे." धुमसून माती तापली की तणाचं बी मरतं आणि जमीन इतकी मोकळी होते की महिन्याभराने तरवा उपटताना मूळ तुटत नाही.

कृषी शास्त्रज्ञांना राब मान्य नाही. शेणातलं नत्र जळून जातं, खत म्हणून जे शेतात जायचं त्याचा धूर होतो, आणि टहाळासाठी झाडं ओरबाडली जातात. शेवटचा मुद्दा मला फार लागला, कारण वरकसाच्या कडेचे ऐन मी पाहिले होते. फांद्या तोडून तोडून त्यांचे नुसते खांब उरलेत. पर्याय आहेतही. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख वापरतात, खाचरात गिरिपुष्पाचा पाला गाडतात, ठरावीक अंतरावर लावणी करतात आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी खोचतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्रात तर चिखलणीही नाही आणि लावणीही नाही. गादीवाफ्यावर बी टोकायचं आणि मुळं जमिनीतच कुजू द्यायची. मुलाला ते एका खाचरात करून बघायचं आहे. काकूंनी गोळ्या खोचून पाहिल्या आहेत, पण राब सोडलेला नाही. माझं मत त्यांच्या बाजूला झुकतं. राब सोडा म्हणणाऱ्याने, तरव्यातलं तण निंदायला जूनमध्ये या घरात हात किती उरतात तेही मोजायला हवं. ऐनाची झाडं मात्र वाचायलाच हवीत, आणि बांधावर गिरिपुष्प लावायला काकूंची ना नाही.

मला त्या घरी पुन्हा पुन्हा ओढून नेलं ते एका वासाने. मेअखेरीस, रोहिणीत, भाजलेल्या राबावर वळवाची सर पडते तेव्हा ओल्या राखेचा जो वास सुटतो त्यात माती, शेण आणि जळका पाला तिन्ही वेगवेगळे कळतात. काकू वास आला की बी काढतात. मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगलेलं पोचट बी कोंबड्यांना, तळाचं भरीव बी राबात.

आवणी, म्हणजे तरव्याची लावणी, पुनर्वसूत सुरू झाली. या नक्षत्राच्या पावसाला इकडे तरणा पाऊस म्हणतात, पुढच्या पुष्याला म्हातारा. मुलाने रजा टाकली होती. वरच्या मोठ्या खाचरांत भाड्याचा पॉवर टिलर फिरला, पण ओढ्याकडच्या लहान तुकड्यांत तो उतरत नाही. तिथे बैलच हवा, आणि घरात बैल एक. दुसरा शेजाऱ्याचा. दोन घरं मिळून एक जोडी करतात, आज याच्या रानात, उद्या त्याच्या. वारंगुळा. बायकांचं तसंच, सावडीवर. पाच घरांतल्या बायका ओळीने वाकून उलट चालीने लावत येतात. अंगठा आणि दोन बोटं, दोन-तीन काड्या, चिखलात टेकवल्या की हात पुढे. किती खोल खोचायचं हे सून अजून शिकते आहे. खोल गेलं तर फुटवे कमी येतात म्हणून काकू तिची ओळ मागून चाचपत होत्या. या कामाचा हिशेब कुठेही लिहिलेला नसतो आणि कोणाचा एक दिवसही बुडत नाही. उपटलेल्या तरव्याच्या मुठी बांधावर संपत आल्या आणि शेवटचं खाचर बरोबर भरलं. मी राबाकडे पाहिलं, मग खाचरांकडे. दहाला एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसातच काकू कुदळ घेऊन बांधावर निघाल्या. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पाय अनवाणी. वरच्या खाचराचं पाणी रात्रीत चार बोटं उतरलं होतं. त्या बांधाच्या खालच्या अंगाने हळूहळू चालत होत्या, पावलागणिक थांबत. एका जागी पायाला पाण्याची धार लागली. खेकड्याचं बीळ. आतून सगळा बांध पोखरत गेलेलं आणि बाहेरून दोन बोटांएवढं. त्यांनी बिळात कोपरापर्यंत हात घातला, तोंडाने काही पुटपुटत तो तसाच ठेवला, आणि मग झटक्यात बाहेर काढला तो काळा खेकडा धरूनच. नांग्या मोडून तो कमरेच्या पिशवीत गेला. बिळात गवताची मुळासकट ढेप, वर चिखल, त्यावर टाचेचा दाब. बुजवलं नाही तर बांध फुटतो, खाचराचं पाणी जातं, त्याबरोबर गोळ्या आणि माती जाते, आणि खालच्या खाचरातली रोपं गाडली जातात. आवणी झाल्यावर पावसाळाभर रोज सकाळी हे असं. मिश्र शेतीवरच्या लेखांत मला म्हशी, कोंबड्या, आंतरपिकं सगळं सापडलं होतं. बांध राखणाऱ्या बाईचा तास कुठे धरलेला दिसला नाही.

पुढे भाद्रपदापर्यंत बेणणी, म्हणजे तण काढणं, उतारावरच्या नाचणीत रानडुकरांसाठी रात्रीची राखण, आणि करपा रोगाची धास्ती. भात इंद्रायणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून काढलेलं हे वाण 1987 मध्ये आलं आणि या पट्ट्यात घरोघर पोचलं. उत्पन्न चांगलं, भाताला वास, पुण्यात गिऱ्हाईक. पण करपा त्याच्यावर लवकर येतो. पीक उंच वाढून आडवं पडायचं तरी वासासाठी काकूंच्या सासूबाई एक खाचर आंबेमोहराचं ठेवत. आता तेही इंद्रायणीखाली आलंय.

दिवाळीच्या पुढेमागे कापणी झाली, परतीच्या पावसाने दोन दिवस रडवलं, झोडणी उरकली. ओल आहे तोवर खाचरात मसूर आणि वाल पडले. मसूर घरात खायला, तिचं भुसकट म्हशींना.

त्याच सुमारास रस्त्याकडच्या एका खाचराला तारेचं कुंपण पडलं. दिरांच्या वाटणीचं ते खाचर आजवर काकूच कसत होत्या. दिरांनी ते पुण्याच्या माणसाला विकलं. 2024 साली वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय झाला तेव्हा गावात आनंद होता आणि तो योग्यच होता. पण राजगड-तोरण्याच्या वाटेवर बंगल्यासाठी जमीन शोधत गाड्या फिरतात आणि पहिला घास रस्त्याकडच्या सपाट, पाणथळ खाचरांचा पडतो, म्हणजे नेमका भाताच्या जमिनीचा. हे पाहताना मला राग येतो. दिरांवर नाही, त्यांना मुलीचं शिक्षण करायचं आहे.

ते खाचर दहा गुंठ्यांचं होतं. पुढच्या साली राब एका गुंठ्याने आखडणार, हे काकूंनी लगेच सांगितलं. मालकांचा हिशेब पुढे गेला होता. दहा गुंठ्यांचा पेंढा कमी, म्हणजे आषाढात वैरण विकत, म्हणजे पारडी आत्ताच विकून टाकावी. गिऱ्हाईक येऊनही गेलं होतं.

काकू उडवीजवळ उभ्या राहिल्या. पेंढ्या त्यांनी रचताना मोजलेल्या होत्या. दोन म्हशी, बैल आणि पारडी, रोजच्या किती, पाऊस लागेपर्यंत किती. पुरत नव्हत्या. "वरकसातलं गवत कापते," त्या मालकांना म्हणाल्या. "पारडी व्याली की घरात तिसरं दुभतं. आन् शेण कमी झालं तर राब कशावं भाजायचा, टहाळावं? मंग हा पोरगा ऐन तोडू देत न्हाई म्हणून भांडतो ते?"

मालकांनी गिऱ्हाइकाला फोन करून नको सांगितलं. गवत कापायला पुढच्या आठवड्यापासून जायचं ठरलं, सावडीवर, कारण उतार मोठा आहे आणि डिसेंबर उजाडला की ते वाळून पायाखाली मोडायला लागतं.